नळीखालची अक्षरं

माझ्या दिराला, डेल्मरला, लाज म्हणून कधी नव्हतीच, पण या वसंतात त्यानं कमाल केली. सत्तरी ओलांडलेला माणूस, चालताना गुडघे करकर वाजतात, आणि अंगात यादवी युद्धातल्या शिपायाचा राखाडी लोकरीचा कोट चढवून, पितळी गुंड्या गळ्यापर्यंत लावून, मेच्या उकाड्यात घाम गाळत खोरंभर फिरत होता. भेटेल त्याला पणजोबा एसाची गोष्ट सांगायचा आणि सांगता सांगता स्वतःच डोळे पुसायचा. ज्या पणजोबाला याच्या बापानंही पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी हे पाझर. सख्खी आई गेली त्या दिवशी हाच माणूस जेवणाच्या रांगेत पुन्हा पुन्हा ताट घेऊन उभा राहत होता. वाढायला मीच होते, म्हणून सांगते.

निमित्त झालं रेव्हन कड्याचं. एप्रिलात रानटर्की पक्षी मारायला गेलेल्या दोघांना कड्याखालच्या कपारीत, कोसळलेल्या दरडीच्या फटीत, लांब नळीची एक ठासणीची बंदूक दिसली. काउंटीचा कोरोनर, म्हणजे कोण कसं मेलं ते ठरवणारा आमचा अधिकारी, माणसं घेऊन वर गेला. दरड कुणाला हलेना. उंदरांनी नि कोल्ह्यांनी मागं ठेवलं होतं तेवढंच हाती लागलं. मांडीचं एक हाड, तेही मोडलेलं. काही बरगड्या. हाडाच्या गुंड्या, बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, कातडी बटव्यात शिशाच्या गोळ्या, आणि ती बंदूक. ना बूट, ना कपड्याची चेन, ना पाकीट. बघणाऱ्याला सगळं शंभर वर्षांपलीकडचं वाटावं.

"हा आमचा एसा," डेल्मर तिथल्या तिथे म्हणाला. आमच्या घराण्यात सांगतातच, एसा स्टिडहम यादवी युद्धातून घरी यायला निघाला आणि पोचला नाही. डेल्मरचं ते शिपाई-शिपाई खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचं मंडळ, त्यांना आयता पणजोबा मिळाला. कोरोनरनं हाडं आणि बंदूक वंशज म्हणून डेल्मरच्या हवाली केली. दगड कोरून झाला, पेटी झाली, आणि डेकोरेशनच्या रविवारी पुरायचं ठरलं. डेकोरेशनला आमचं सगळं गणगोत टेकडीवर जमतं. थडगी खरवडून मातीचे ढिगारे नीट करायचे, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहायची, मग एकानं प्रत्येक थडग्यापाशी उभं राहून नाव वाचायचं आणि माणूस कशानं गेला ते सांगायचं. त्यानंतर गवतावर चादरी टाकून जेवणं. फूल प्रत्येकाला मिळतं. दोन दिवसांत गेलेल्या तान्ह्यालासुद्धा मिळतं.

माझ्या रॉन्डलला मिळत नाही, कारण त्याला थडगं नाही.

एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरात तो खारी मारायला म्हणून गेला तो गेलाच. विशीसुद्धा गाठली नव्हती. त्या वर्षांत पोरांना खूळ लागलं होतं, हरणाच्या कातड्याचे जोडे घालायचे, घरी विणलेल्या कापडाचा शर्ट घालायचा, आणि पूर्वजांसारखं जंगलात राहायचं. शर्ट मी शिवून दिला, गुंड्या त्यानं हाडाच्या कापल्या. बंदूक टपालानं मागवली, इटलीतली, जुन्याची नक्कल. पण नक्कल म्हटलेलं त्याला खपायचं नाही. नळीवरचं कारखान्याचं नाव त्यानं डेल्मरच्या शेडमध्ये बसून कानशीनं घासून काढलं, मिठाच्या पाण्यानं गंज चढवून नळी तपकिरी केली, आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून थापा मारायला लागला की खापरपणजोबाची आहे. लोक फसले की असा हसायचा! मला काय ठाऊक, एक दिवस त्याच्याच हाडांनी लोक फसतील म्हणून.

तेव्हा अर्धं खोरं त्याला शोधायला डोंगरात चढलं होतं. रेव्हन कड्याकडे निघणार एवढ्यात डेल्मर खाली आला आणि म्हणाला, थांबा. रॉन्डल हॅझर्ड गावच्या बस अड्ड्यावर दिसला. बंदूक विकून ओहायोचं तिकीट काढलं, आईला सांगू नको म्हणाला. लोकांनी कंदील विझवले आणि घरी गेले. कुणाच्या पोराला ओहायोचा कारखाना खुणावत नव्हता तेव्हा? मीही मानलं. मानलं म्हणजे, मानल्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नव्हती.

ओहायोला गेलेली बाकीची पोरं ख्रिसमसला घरी येतात. माझं आलं नाही, फोन नाही, चार ओळी नाहीत. नवरा त्या काळजीतच गेला. ओहायोत डेटनला नदीत सापडलेला एक माणूस माझा म्हणून मी बघायला गेले, नव्हता. दुसऱ्या वेळी पोलिसांनी नकोच म्हटलं तरी गेले, तोही नव्हता. म्हणून आता कड्याखाली गुंड्या सापडल्या तेव्हा मी कोरोनरला म्हटलं, या माझ्या पोराच्या आहेत, तर तो मान वाकडी करून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "ऑर्लीना, अशा गुंड्या सगळेच कापायचे. आणि तुझा मुलगा बसमध्ये चढला ना? तुझ्याच दिरानं पाहिलं."

तेव्हा राहिली ती एक बंदूक. ती एसाच्या काळची असेल तर माझा मुलगा कुठेतरी जिवंत आहे आणि त्याला आई नको आहे. आणि ती नक्कल असेल तर. मी रोज प्रार्थनेला गुडघे टेकायचे आणि काय मागायचं ते कळायचं नाही. एका दिवशी एक मागायचे, दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट. देवालाही माझा वैताग आला असेल.

डेल्मर बंदुकीजवळ कुणाला जाऊ देईना. "गंजलीय, हात लावला तर भुगा होईल." मी मागितली, नाही म्हणाला. माझ्या मुलीनं, ग्लेनानं मागितली, तिला म्हणाला, तुझ्या आईचं डोकं आधीच ठिकाणावर नाही, त्यात तू तेल ओतू नको.

शेवटी डेकोरेशनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बायका टेकडीवर फावडी घेऊन गेल्या तेव्हा ग्लेना बेझिल नोबलला दंडाला धरून चर्चमध्ये घेऊन आली. बेझिल शाळेत इतिहास शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीत उतरतो. त्याच्याकडे अशा नकला भिंतभर आहेत. हाडांची पेटी वेदीसमोर टेबलावर होती, आणि पेटीच्या पुढ्यात, निळ्या मखमलीवर, ती.

"ऑर्लीनामावशी," बेझिल टोपी काढून म्हणाला, "मला जे दिसेल ते मी सांगणार. तुमच्या मनासारखं नाही सांगता येणार."

"माझं मन काय आहे ते मलाच ठाऊक नाही," मी म्हटलं. "तू बघ."

त्यानं आधी ठासणीचा गज नळीच्या तोंडातून हळूच आत सोडला. बार भरलेला असेल तर गज तळापर्यंत जात नाही, बाहेर जास्त उरतो. गज थेट तळाला टेकला. "रिकामी आहे," तो म्हणाला, आणि मग जीव भांड्यात पडल्यासारखा कामाला लागला.

दस्त्यावर बोट फिरवत मधे थांबला. लाकूड अर्धं किड्यांनी खाल्लेलं, पण मधली पितळेची पट्टी शाबूत होती. "हे बघा. दस्ता दोन तुकड्यांचा आहे, सांध्यावर पितळ. आपले जुने कारागीर मॅपलच्या एका फळीतून अख्खा दस्ता काढायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मोडला असेल, जोडला असेल." डेल्मर दारात उभा होता. कोण सांगायला गेलं कोण जाणे. तोच कोट.

"जोडलेला सांधा वेडावाकडा असतो, डेल्मरकाका. हा यंत्रावर कापलेला आहे. आणि नळी बघा, इथून तिथपर्यंत सारखी जाड. हातानं घडवलेली मधे जरा बारीक असते, तोंडाशी परत फुगते."

"मास्तर, शाळेतल्या पोरांना नापास करा. माझ्या पणजोबाला नको."

"ही नक्कल आहे," बेझिल म्हणाला. "एसाची असणं शक्य नाही."

डेल्मर टेबलापाशी आला आणि बंदुकीवर सपाट हात ठेवला. मला वाटलं, भांडेल. पण आवाज एकदम मऊ झाला. "बरं, नक्कल तर नक्कल. नकला काय पन्नास सालापासून येतायत. कुणी शिकारी मेला असेल, परक्या गावचा. मग तर लवकर पुरलेलाच बरा. वहिनी, तुझा मुलगा ओहायोत आहे. मी पाहिलं त्याला. कशाला स्वतःला जाळून घेतेस?"

"साल कळेल," बेझिल म्हणाला. "इटलीत बार उडवून तपासल्याशिवाय नळी विकता येत नाही. तपासली की तिच्यावर शिक्का, शिक्क्याबरोबर त्या वर्षाची अक्षरं. वरून तर काही दिसत नाही. खालच्या बाजूला असतील, दस्त्याच्या आत. नळी उचलावी लागेल."

"कुणी काही उचलायचं नाही! मंडळाची वस्तू आहे."

बेझिलच्या पिशवीतली हातोडी मी उचलली. "डेल्मर, हात काढ. नाहीतर मी काढीन, आणि तुला तो परत वापरता येणार नाही."

"आई!" ग्लेना म्हणाली.

"काढतो, काढतो. बघा हो मास्तर, ही बाई. भाऊ उगाच नाही लवकर गेला."

"तुझा भाऊ मुलाच्या वाटेकडे डोळे लावून गेला. परत तोंडातून काढलंस तर बघ."

नळी दस्त्याला आडव्या पिनांनी धरलेली असते. बेझिलनं रॉकेल टाकलं, थांबला, मग खिळ्यानं एकेक पिन दुसऱ्या बाजूला ठोकून काढली. प्रत्येक ठोक्याला लाकडाचा चुरा मखमलीवर पडत होता. मी बाकाला धरून उभी राहिले. मागचा मोठा स्क्रू काही केल्या हलेना. तो हलला नसता तर बरं, असंही मला एकदा वाटलं. मी खोटं नाही सांगत. अजून वाटत होतं, न हलो, आणि संध्याकाळी घरी जाऊन मी फोनकडे बघत बसते. मग तो कर्रकन फिरला.

नळी उचलली तर तिच्याखाली लालभडक गंजाची साय. बेझिलनं लोखंडी काथ्या रॉकेलात भिजवून घासलं, फडक्यानं पुसलं, आणि शिक्षकच तो, खिशातून खडू काढून त्यावर आडवा चोळला. खडू खळग्यांत बसला. आधी एक चांदणी उमटली. तिच्याखाली दोन अक्षरं, तो तपासणीचा शिक्का. मग शेजारी एक बारीकशी चौकट.

"चौकटीत काय आहे?" मी विचारलं. मला अक्षरं वाचता येतात, पण मला वाचायची नव्हती.

"ए आणि डी."

"म्हणजे?"

बेझिलनं खडू खिशात ठेवला. "माझी पहिली बंदूक सत्त्याहत्तरची आहे. तिच्यावर ए आणि सी. त्याच्या पुढचं वर्ष. अठ्ठ्याहत्तर, मावशी."

ग्लेनानं माझ्या कमरेत हात घातला. रॉन्डलची बंदूक एकोणऐंशीच्या वसंतात टपालानं आली होती, पोस्टमननं खोका दारात ठेवला तेव्हा कोंबड्या घाबरून पळाल्या होत्या.

"अठ्ठ्याहत्तरच्या शेकडो आल्या असतील," डेल्मर म्हणाला. तो आता बसला होता.

"आल्या असतील," बेझिल म्हणाला. "पण त्यांच्यावर वर कारखान्याचं नाव असतं. इथलं कुणीतरी कानशीनं काढलंय. या रेघा बघा. इथे कडेला कानस घसरली आहे, चर पडलाय."

मी पुढे वाकले आणि त्या चरावर अंगठा ठेवला. कानस घसरली तेव्हा रॉन्डलचा अंगठा कापला होता. रक्त गळत घरी आला, मी टर्पेंटाइन ओतलं, पट्टी बांधली, आणि म्हटलं, खोट्याचं खरं करायला गेलास ना, भोग. हे माझं त्याच्याशी बोलणं. मी नुसती तो चर चोळत राहिले. सतरा वर्षं मी ओहायोला शिव्या दिल्या, त्या मुलाला शिव्या दिल्या, की निर्दयी आहेस, बापाच्या मातीलाही आला नाहीस. आणि तो इथे होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेव्हन कडा दिसतो.

मग मी म्हटलं, "डेल्मर, तुझ्याच शेडमध्ये घासली होती. कानस तुझी होती. तू ही बंदूक बघताक्षणी ओळखलीस."

तो कोटाच्या गुंडीशी चाळा करत होता.

"म्हणून हात लावू देत नव्हतास."

"मी त्याला थडगं देत होतो, वहिनी," तो म्हणाला. "झेंड्यासकट. मानानं. नाव वेगळं असलं म्हणून काय, आपल्याच मातीत गेला असता. तुझी आशाही राहिली असती. मी तुझाच विचार..."

"बसमध्ये कोण चढलं होतं?"

तो पेटीवरची नजर काढून दाराकडे बघायला लागला.

"कुणी चढलंच नव्हतं ना?"

बेझिल मधे बोलणार नव्हता, पण त्याच्या हातात ते दारूचं शिंग आलं होतं आणि तो त्याच्याकडे बघत होता. "एक कळत नाही," तो हळू म्हणाला, बहुतेक स्वतःशीच. "शिंगात दारूचा कण नाही. बूच घट्ट आहे, मेण लावलेलं. बंदूकही रिकामी. पण बटव्यात गोळ्या भरलेल्या आहेत. शिकार केली असती तर दोन्ही बरोबरीनं संपलं असतं."

"म्हणजे काय?" ग्लेनानं विचारलं.

"म्हणजे नुसती दारू भरून बार काढले. गोळीशिवाय. आवाजासाठी."

मांडीचं हाड मोडलेलं होतं, ते पेटीत होतं, आमच्यापासून हातभर अंतरावर. कपारीत पडलेला, पाय मोडलेला, आणि चालता येत नाही म्हणून बार काढून हाका मारणारा.

"दारू ओल लागूनही जाते," डेल्मर घाईनं म्हणाला. "आणि ऑक्टोबरात सगळेच खारी मारतात. कोण कुठे बार काढतंय, कुणाला कळतं? आणि रविवारी तर ते थांबलंही होतं."

तो बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"काय थांबलं होतं?" मी म्हटलं.

"वहिनी..."

"तू लोकांना परत पाठवलंस तो गुरुवार होता. रविवारी काय थांबलं, डेल्मर?"

मग त्याच्या तोंडून सगळं गळायला लागलं. कड्याच्या पलीकडच्या कपारीत त्यानं त्या वर्षी गांजा वाळत घातला होता. सगळं पीक. शोधायला निघालेल्यांत शेरीफचा माणूस होता, वर गेले असते तर पकडला गेला असता. म्हणून बसची गोष्ट. पोरगं खरंच कुठेतरी पळालं असेल असं त्याला वाटलं म्हणे. संध्याकाळी कड्याकडून बार ऐकू यायचे, तेव्हा त्याला वाटलं, कुणी शिकारी असेल. मग वाटलं, माल खाली आणला की जाऊन बघू. मग शनिवारी पाऊस आला. मग ते थांबलं, आणि थांबल्यावर जायची भीती वाटायला लागली.

"बायकोलाही नाही सांगितलं," तो म्हणाला. नाक पुसायला त्यानं कोटाची बाही वापरली. "सतरा वर्षं मी झोपलो नाही, वहिनी, देवाशपथ."

"तुला घोरताना मी ऐकलंय," मी म्हटलं. "ऑक्टोबरात तर जास्त."

बेझिल बाहेर जायला निघाला होता, मी त्याला थांब म्हटलं. ग्लेनालाही. मला माणसं हवी होती, साक्षीला. ही टेकडी माझ्या बापाची, माझ्या नावावर. इथे कुणाला पुरायचं नि कुणाला नाही हे मीच ठरवते, डेल्मरच्या मंडळानं कितीही दगड कोरले तरी. मी बाकाला धरलेला हात सोडला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि म्हटलं:

"ऐक. मी शेरीफकडे जाणार नाही. तुला तुरुंगात घालून मला काय मिळेल, तिथे जेवण वेळेवर मिळतं. एसाचा दगड तू आजच उपटायचास, तुझ्या हातानं. उद्या रॉन्डलला पुरायचं, आणि त्याचं नाव वाचायची पाळी येईल तेव्हा तू उभा राहायचंस. तो कसा गेला ते तू सांगायचंस. पाय मोडला, दारू संपेपर्यंत हाक मारली, मी ऐकली, गेलो नाही, आणि जाणाऱ्यांना परत पाठवलं. एवढंच. भीती होती, पाऊस होता, हे सांगायचं नाही. लोक विचारतील, त्यांनाही नाही. त्यानंतर माझ्या ताटावर, माझ्या ओसरीवर, माझ्या मुलीच्या दारात यायचं नाही. सांगितलंस तर मरशील तेव्हा तुला या टेकडीवर पुरू देईन, खालच्या अंगाला, त्याच्यापासून लांब, आणि फूलही मिळेल, कारण फूल सगळ्यांना मिळतं. नाही सांगितलंस तर मी सांगीन, आणि मग तुझी पेटी या फाटकातून आत येणार नाही, मी जिवंत असेन तरी आणि मेलेली असेन तरी. ग्लेनानं ऐकलंय. आता ऊठ, फावडं मागच्या दारापाशी आहे."